निधीचे तुकडे आणि राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग

तुम्ही विचारलंय ते असं: २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं सरकार बंद पडलं, तेव्हा रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने राष्ट्रीय उद्यानांसाठी वेगळं, माजी सैनिकांसाठी वेगळं, वैद्यकीय संशोधनासाठी वेगळं अशी छोटी छोटी विधेयकं मंजूर केली आणि ओबामांनी ती नकोत म्हटलं. मग असे तुकड्यातुकड्यांनी पैसे देत राहून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, राष्ट्राध्यक्षांना कोंडीत पकडू शकते का, इतकं की शेवटी त्यांच्यावर महाभियोग चालावा?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पैसे तुकड्यांत आले एवढ्यावरून कुणावर महाभियोग होत नाही. पण तुकडे जितके जास्त, तितक्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून कायदा मोडला जाण्याच्या जागा वाढतात. त्यातली एक जागा १८६८ मध्ये खरोखरच आरोपपत्रात जाऊन बसली होती. तिच्याकडे येतोच.

मी इथे अमेरिकेत, केंद्र सरकारच्या एका खात्यात अर्थसंकल्प विभागात पंचवीसहून जास्त वर्षं काम केलं. १९९५ ची दोन शटडाऊन, २०१३ चं आणि २०१८-१९ चं, चारही कार्यालयात बसून किंवा घरी बसवून पाहिली. मी वकील नाही. पण कुठला डॉलर कुठल्या कामाला चालतो, हे ठरवण्यातच माझी नोकरी गेली, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथेच येऊन टेकतो.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे आणि ते आपल्याकडच्या सवयीतून आलंय, असं मला वाटतं. भारतात विनियोजन विधेयक पडलं किंवा लोकसभेत कपात सूचना मंजूर झाली, की सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असं मानतात आणि मंत्रिमंडळाला जावं लागतं. म्हणजे पैसा मिळणं आणि खुर्चीवर राहणं एकाच दोरीला बांधलेलं. अमेरिकेत या दोन दोऱ्या वेगळ्या आहेत. राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधिगृहाच्या विश्वासावर बसलेले नसतात. काँग्रेसने एक पैसाही दिला नाही तरी ते चार वर्षं पदावर राहतात, फक्त त्यांची कार्यालयं बंद पडतात. महाभियोगासाठी राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात कारणं दिली आहेत: देशद्रोह, लाचखोरी, किंवा अन्य गंभीर गुन्हे आणि दुराचरण. 'निधीवरून काँग्रेसशी पटलं नाही' हे त्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट, तुकड्यातुकड्यांनी पैसे देणं हा काही २०१३ मध्ये शोधलेला डाव नव्हता. इथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि वार्षिक खर्चाची विधेयकं मुळातच बारा असतात. संरक्षणाचं वेगळं, शेतीचं वेगळं, वाहतूक आणि गृहनिर्माणाचं वेगळं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये बारांपैकी पाच आधीच मंजूर झाली होती, म्हणून ते ३५ दिवसांचं शटडाऊन अर्धवट होतं. सैन्याचे पगार चालू होते आणि विमानतळावर तपासणी करणारे मात्र बिनपगारी काम करत होते. त्याबद्दल कुणी महाभियोगाचं नाव काढलं नाही.

२०१३ चं वेगळेपण हे, की तुकडे पाडले होते ते ओबामांचा आरोग्य विमा कायदा सोडून बाकी सगळं सुरू करण्यासाठी. लोकांना जे बंद पडल्याचं दिसतं, टीव्हीवर दाखवतात, ते आधी उघडायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकापाशी अडथळे उभारले होते आणि ऐंशी-नव्वदीतले सैनिक ते ओलांडून आत जात होते, ती दृश्यं त्या वेळी सगळीकडे होती. सिनेटमधले डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांचं म्हणणं असं, की लोकप्रिय खाती एकेक करून सोडवली तर उरलेल्या खात्यांसाठी दबावच उरणार नाही. कामगार सुरक्षेची पाहणी किंवा प्रदूषणाची तपासणी यासाठी कोण रस्त्यावर येणार? माझ्या मते ते म्हणणं बरोबर होतं, कारण आमचं खातं त्या न दिसणाऱ्यांपैकीच होतं. आणि एक गंमत अशी, की ज्या कायद्यावरून हे चाललं होतं त्याचा बराचसा खर्च वार्षिक विधेयकांवर अवलंबूनच नव्हता. विमा घेण्याची वेबसाइट शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला सुरू झाली.

आता तुमच्या प्रश्नाचे मी तीन भाग करतो, कारण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिला भाग: तुकड्यांची विधेयकं राष्ट्राध्यक्षांनी फेटाळली तर? तो त्यांचा घटनात्मक अधिकार आहे. दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी तो उलटवता येतो, नाही जमलं तर विधेयक संपलं. तरीही 'फार व्हेटो (नकाराधिकार) वापरले' म्हणून महाभियोगाचा प्रयत्न एकदा झालेला आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी १८४१ मध्ये राष्ट्रीय बँकेची आणि १८४२ मध्ये आयात कराची विधेयकं रोखली. त्या काळी आयात कर म्हणजे सरकारची तिजोरीच. त्यांच्याच पक्षाने त्यांना बाहेर काढलं, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या समितीने त्यांच्यावर कडक ठपका ठेवला, आणि जानेवारी १८४३ मध्ये महाभियोगाच्या चौकशीचा ठराव प्रतिनिधिगृहात आला. तो ८३ विरुद्ध १२७ मतांनी पडला. १८७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज यांनी सैन्याच्या खर्चाचं अख्खं विधेयक परत पाठवलं, कारण निवडणुकीत केंद्राने देखरेख ठेवू नये अशी अट त्याला चिकटवली होती. ते ठाम राहिले आणि शेवटी काँग्रेसला माघार घ्यावी लागली. तेव्हा ओबामांनी तुकडे नाकारले यात महाभियोगाचं काही नव्हतं. शिवाय त्यांनी सगळेच नाकारले असंही नाही. सैनिकांच्या पगाराचं विधेयक प्रतिनिधिगृहात ४२३ विरुद्ध शून्य मतांनी आलं होतं, त्यावर त्यांनी ३० सप्टेंबरलाच सही केली. शहीद सैनिकांच्या कुटुंबांना मिळणारं अनुदान अडकलं तेव्हा १० ऑक्टोबरला तेही विधेयक त्यांनी मान्य केलं.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे: काही तुकडे मिळाले, काही नाही, आणि राष्ट्राध्यक्षांनी न मिळालेल्या कामावर खर्च केला तर?

पगाराच्या दिवशी घरात पाकिटं करून ठेवतात ना, किराण्याचं, दुधाचं, शाळेच्या फीचं? इथलं सरकार त्याच पद्धतीने चालतं, फक्त पाकिटावर काँग्रेसचं शिक्कामोर्तब असतं आणि ते गृहिणीला बदलता येत नाही. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. त्यावर एकोणिसाव्या शतकापासूनचा एक कायदा आहे, अँटिडेफिशियन्सी ॲक्ट, म्हणजे मंजूर निधीपलीकडे खर्च करायला बंदी. आम्ही रोजच्या कामात प्रत्येक खर्चाला तीन प्रश्न विचारायचो: हेतू बरोबर आहे का, मुदत चालू आहे का, रक्कम शिल्लक आहे का. तिन्हींना होय असेल तरच सही. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा अर्थ कडक केला आणि सांगितलं की निधी संपला तर कार्यालय बंदच करायला हवं. शटडाऊन आलं ते तिथून. त्याआधी खाती काटकसर करून चालू राहायची.

या कायद्याची धार मी जवळून पाहिली आहे. १९९५ च्या डिसेंबरमध्ये आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, पगार नको, पण वर्षअखेरचे हिशेब अडलेत, मी येऊन बसते. विधी विभागाने त्यांना दारातूनच परत पाठवलं, कारण सरकारने फुकट सेवा घेणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. अपवाद फक्त माणसाचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल तर. नंतरच्या एका शटडाऊनमध्ये आमच्या कार्यालयात एक देखभालीचं कंत्राट चुकीच्या पाकिटातून, दुसऱ्या कार्यक्रमाच्या शिलकीतून नूतनीकरण झालं. तीन महिन्यांनी लक्षात आलं. त्याचा अहवाल राष्ट्राध्यक्षांना आणि काँग्रेसला पाठवावा लागला, त्यात जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि त्याच्यावर काय कारवाई केली ते लिहावं लागलं. दोन पानांचा तो अहवाल लिहायला आम्हाला आठ महिने लागले. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्या अधिकाऱ्याची झोप मात्र गेली होती.

आता हेच वरच्या पातळीवर घडतं तेव्हा काय होतं? २०१४ मध्ये ओबामा सरकारने तालिबानच्या ताब्यातले अमेरिकी सैनिक सार्जंट बो बर्गडाल यांच्या सुटकेच्या बदल्यात ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगातून पाच तालिबानी कैदी सोडले. काँग्रेसला तीस दिवस आधी कळवल्याशिवाय त्या कामावर पैसा वापरायचा नाही, अशी अट संरक्षण निधीच्या कायद्यात होती. कळवलं नव्हतं. जीएओ, म्हणजे आपल्या कॅगच्या जवळ जाणारी काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था, हिने तो खर्च, ९,८८,४०० डॉलर, कायद्याचं उल्लंघन ठरवला. गदारोळ झाला, महाभियोग झाला नाही. २०१८-१९ च्या शटडाऊनमध्ये उद्यानं उघडी ठेवण्यासाठी पर्यटकांच्या प्रवेश शुल्काची रक्कम वापरली गेली, तीही जीएओने नंतर बेकायदा ठरवली. तिथेही पुढे काही नाही. या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, पण तिच्याखाली आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जुळणारं उदाहरण मात्र आरोग्य विम्याचंच आहे. कमी उत्पन्नाच्या विमेदारांचा खर्च भरून काढण्यासाठी ओबामा सरकार विमा कंपन्यांना पैसे देत होतं. त्यासाठी वेगळी तरतूद काँग्रेसने केलेलीच नव्हती, असं रिपब्लिकनांचं म्हणणं. म्हणजे पाकीटच नाही आणि खर्च चालू, हाच आरोप. महाभियोगासाठी याहून सरळ प्रकरण कुठलं? पण प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष (स्पीकर) जॉन बेनर यांनी महाभियोगाची भाषा बाजूला ठेवली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या वतीने कोर्टात दावा लावला. मे २०१६ मध्ये न्यायाधीश रोझमेरी कॉलियर यांनी निकाल प्रतिनिधिगृहाच्या बाजूने दिला. सभागृह जिंकलं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या पदाला धक्काही लागला नाही. १८६१ मध्ये यादवी पेटली तेव्हा लिंकन यांनी मंजुरीशिवाय २० लाख डॉलर न्यूयॉर्कमधल्या खासगी व्यक्तींच्या हाती देऊन लष्करी तयारी करवून घेतली होती आणि नंतर स्वतःहून काँग्रेसला तसं सांगितलं होतं. अशा खर्चाकडे काँग्रेस नेहमी हेतू बघूनच पाहत आली आहे.

तिसरा भाग उलटा आहे: पाकीट दिलं, पण राष्ट्राध्यक्षांनी ते उघडलंच नाही तर? मला विचाराल तर महाभियोगाच्या दृष्टीने हा दुसऱ्या भागापेक्षा धोक्याचा आहे. जास्त खर्च केला तर निदान कुणाचं तरी काम झालेलं असतं. अडवलेला पैसा स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येतो. निक्सन यांनी पाणी शुद्धीकरणासकट अनेक कामांचे पैसे रोखून धरले. त्यावरून १९७४ चा निधी-रोध नियंत्रण कायदा झाला, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाण्याच्या पैशांबाबत न्यूयॉर्क शहराच्या बाजूने निकाल दिला. निक्सन यांच्यावरच्या महाभियोगासाठी प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीने केलेल्या चौकशीत रोखलेल्या निधीचा मुद्दा होता, पण समितीने मंजूर केलेली आरोपांची तीन कलमं वॉटरगेट, सत्तेचा गैरवापर आणि चौकशीला नकार यांवरची होती. २०१९ मध्ये मात्र निधी थेट आरोपपत्रात आला. युक्रेनला देण्यासाठी काँग्रेसने मंजूर केलेले ३९ कोटी १० लाख डॉलर ट्रम्प यांनी रोखले आणि बदल्यात प्रतिस्पर्ध्याची चौकशी मागितली, असं पहिल्या कलमात लिहिलं होतं. जीएओने हा पैसा रोखणं बेकायदा होतं असं १६ जानेवारी २०२० रोजी सांगितलं, तेव्हा प्रतिनिधिगृहाचं मतदान होऊन महिना होत आला होता. आरोप प्रतिनिधिगृह ठेवतं आणि खटला सिनेटमध्ये चालतो; तिथे ४८ विरुद्ध ५२ मतांनी ते सुटले. या प्रकरणात गुन्हा म्हणून मांडला होता तो सौदा. नुसता उशीर असता तर मला वाटत नाही प्रकरण तिथवर गेलं असतं.

म्हणजे आतापर्यंत: फेटाळणं हा अधिकार, पाकिटं बदलणं हे उल्लंघन पण सहसा कोर्टात किंवा लेखापरीक्षणात मिटणारं, आणि पाकीट दाबून ठेवून त्याच्या बदल्यात काही मागणं हे महाभियोगापर्यंत जाणारं. आता १८६८.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस यांचं यादवीनंतर अजिबात पटत नव्हतं. मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने सैन्याच्या वर्षभराच्या खर्चाचं विधेयक पाठवलं आणि त्यात एक कलम घुसवलं. राष्ट्राध्यक्षांनी सैन्याला द्यायचा प्रत्येक हुकूम सैन्याचे सरसेनापती जनरल ग्रँट यांच्यामार्फतच जाईल, ग्रँट यांना सिनेटच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही, आणि याविरुद्ध हुकूम देणारा अधिकारी पदाच्या दुराचरणाचा दोषी ठरेल. शब्द लक्षात घ्या. महाभियोगाच्या कलमात जो शब्द आहे तोच शब्द खर्चाच्या कायद्यात पेरला होता. जॉन्सन यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: सैन्याचा पगार थांबवा किंवा सही करा. त्यांनी निषेध नोंदवून सही केली. एका विधेयकाचा एक भाग मान्य आणि दुसरा अमान्य करण्याची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही. १९९६ मध्ये कायदा करून ती दिली गेली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केली.

वर्षभराने, फेब्रुवारी १८६८ मध्ये, युद्धमंत्री स्टँटन यांना काढल्यावरून भडका उडाला. २२ तारखेला जॉन्सन यांनी वॉशिंग्टनच्या लष्करी तुकड्यांचे प्रमुख जनरल एमरी यांना बोलावलं. बोलण्यात त्या कलमाचा विषय निघाला आणि जॉन्सन म्हणाले की ते घटनेला धरून नाही. दोनच दिवसांनी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला, आणि आरोपपत्रातलं नववं कलम याच संभाषणावर उभं होतं. अकराव्या कलमातही सैन्याच्या त्या निधी कायद्याची अंमलबजावणी रोखल्याचा उल्लेख होता. ५४ सदस्यांच्या सिनेटमध्ये ३६ मतं हवी होती, ३५ मिळाली. नवव्या कलमावर मतदान झालंच नाही.

अर्थसंकल्पाचं काम करणाऱ्याला मला हे प्रकरण नेहमी समोर ठेवावंसं वाटतं. पैसा कापला म्हणून नाही, तर पैशाला लावलेल्या अटीमुळे राष्ट्राध्यक्ष अडकले. तुम्ही म्हणता तसा सापळा रचायचा असेल तर तो असा रचावा लागतो: नाकारता येणार नाही असा तुकडा द्यायचा आणि पाळता येणार नाही अशी अट त्याला जोडायची. २०१३ च्या विधेयकांत असं काही नव्हतं. ती निव्वळ पैसे देणारी होती.

बाकी सगळं संख्येवर अवलंबून आहे आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. प्रतिनिधिगृहात साधं बहुमत लागतं, सिनेटमध्ये शंभरांपैकी ६७. आजवर सिनेटने एकाही राष्ट्राध्यक्षांना दोषी ठरवलेलं नाही. निधीवरच्या अधिकाराचं स्वतंत्र कलम अलीकडे ज्यांनी मांडलं ते मराठी वाचकांच्या ओळखीचे आहेत. बेळगावात वाढलेले आणि आता डेट्रॉइटमधून निवडून आलेले श्री ठाणेदार यांनी २८ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमं दाखल केली. त्यातलं दुसरं, काँग्रेसचा निधीवरचा अधिकार बळकावल्याचं. आशय म्हणून ते कलम मला सातांपैकी सगळ्यात भक्कम वाटलं. पण त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाने साथ दिली नाही आणि मे महिन्यात मतदानाचा आग्रह त्यांनी मागे घेतला.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुकड्यांवर सही करण्यात राष्ट्राध्यक्षांचा फायदा कधी असतो का. असतो, आणि सैनिकांच्या पगारात तो स्पष्ट दिसतो. २०१३ मध्ये ४२३-शून्यच्या त्या विधेयकामुळे पगार देणं कायदेशीर झालं. इतकंच नाही, त्यातल्या शब्दांचा आधार घेऊन संरक्षणमंत्री चक हेगल यांनी घरी बसवलेल्या बहुतेक नागरी कर्मचाऱ्यांनाही परत बोलावलं, कारण ते सैनिकांना साहाय्य करतात. २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाऊनमध्ये असा तुकडा नव्हता. तेव्हा १५ ऑक्टोबरचा पगार संरक्षण खात्याच्या संशोधनासाठी राखलेल्या शिलकीतून, सुमारे ८ अब्ज डॉलर वळवून दिला गेला. आमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यालाच, हेतूलाच, तिथे 'होय' म्हणणं मला जमलं नसतं. पण सैनिकांना पगार दिला म्हणून महाभियोग मागणारं मत प्रतिनिधिगृहात कुठल्याही पक्षाकडून सहज पडणार नाही, आणि ते पडलंही नाही.